हातभर चित्रं

मनोरुग्णालयातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी तिला सगळे मेट्रनच म्हणत. शेजारी म्हणत, औषधाच्या दुकानातला म्हणे, आणि नवरा लाडात असला तरी तेच म्हणे, वैतागला तरी तेच. नावासारखी सवयही तिला चिकटली होती. बसमध्ये समोरच्या माणसाची कुरतडलेली नखं, सुटलेली नाडी, उगाच हलणारा गुडघा दिसला की ती मनातल्या मनात त्याला वॉर्ड देऊन मोकळी होई. नवऱ्यानं जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तो म्हणायचा, "मी शब्दांतल्या चुका काढल्या, हिनं माणसांतल्या. फरक एवढाच, की मला निवृत्त होता आलं."

दोघांना एकच मुलगा. तिशी ओलांडलेला, इमारतींचे आराखडे काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला. कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं मोजकं, व्यसन कसलं नाही. कंपनीची जागा पार वरच्या मजल्यावर होती आणि हा रोज जिन्यानं चढून जायचा. मेट्रन ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची. बैठं काम करणाऱ्यानं असंच असावं, व्यायामाला वेगळा वेळ काढायला नको.

त्या जिन्यातच त्याला ती मुलगी भेटली. इमारतीच्या लिफ्टची देखभाल तिच्याकडे होती. डबा खायला ती एका मजल्याच्या वळणावर पायरीवर बसायची. लिफ्ट चालू असताना हा माणूस रोज धापा टाकत वर जातो, हे बघून एक दिवस तिनं विचारलं, "माझ्या कामावर तुमचा भरवसा नाही का?" तो हसला, तिच्याशेजारी बसला, आणि पुढचं पुढं घडत गेलं.

तो तिला घरी घेऊन आला तेव्हा ती थेट कामावरून आली होती. उकाड्याचे दिवस होते, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. तिनं वाकून चपला काढल्या तेव्हा मेट्रनला तिचा हात दिसला. डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत चित्रांनी भरला होता. शब्दशः सुई टोचायला जागा उरली नव्हती. मनगटाला खेकडा, त्यावर एक किल्ली, मग शिडी, मासा की काय तो, अर्धवट चेहरा, आणि कोपराच्या वर काटे नसलेलं घड्याळ.

चहा झाला, बोलणं झालं. मुलगी मोकळी होती, नवऱ्याच्या विनोदांना हसत होती. मेट्रननं विचारायचं ते सगळं विचारलं: घरी कोण, बहीण काय करते, कामात धोका किती. नजर मात्र त्या हातावरून हलली नाही. मुलगा तिला सोडायला गेल्यावर मेट्रननं कप विसळायला घेतले आणि तोच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

"काटे नसलेलं घड्याळ," ती नवऱ्याला म्हणाली. "वेळ थांबलेली आहे तिची. आणि ती शिडी? कुठेच टेकलेली नाही. बघितलीत तुम्ही?"

"मी पोरीचा चेहरा बघितला. बरा वाटला."

"चेहरे सगळेच बरे ठेवतात."

"सुतावरून स्वर्ग गाठू नकोस," असं म्हणून नवऱ्यानं पेपर उघडला. त्याच्यापुरता विषय संपला होता. तिचा तिथून सुरू झाला.

तिच्या भीतीला कारण होतं, ती अगदीच हवेतली नव्हती. रुग्णालयात नवी बाई दाखल झाली की तिला आंघोळ घालणं आणि अंगावरच्या खुणा बघून ठेवणं, हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं काम. तेव्हा तिनं अंगं बघितली होती, माणसं नंतर. दंडावर खोडून पुन्हा कोरलेली नावं, छातीवर स्वतःच्या हातानं दाभणानं टोचलेल्या ओळी, बोटांवर ठिपके. एकदा एक तरणी बाई आली होती. तिच्या दोन्ही मनगटांवर नाजूक वेल होती, पानं इतकी सुरेख की सगळ्या नर्सा बघायला आल्या. साबण लावताना मेट्रनच्या बोटांना वेलीखाली उंचवटे लागले. एकाशेजारी एक, आडवे. ब्लेडचे जुने वण. ती बाई पुढे बरी होऊन घरी गेली, पण मेट्रनच्या बोटांनी ती गोष्ट सोडली नाही. तेव्हापासून कुणाच्या अंगावर चित्र दिसलं की तिला वाटे, याच्याखाली काय आहे ते बघायला हवं.

आणि आता असला हात घरात यायचा होता.

तिच्या जिवाला चैन पडेना. पुस्तक घ्यावं तर ओळ पुढे सरकत नसे. चालायला जावं तर रस्त्यात जो तो हात उघडे टाकून हिंडताना दिसे. भाजीच्या दुकानातल्या पोराच्या मानेवर विंचू, बँकेतल्या बाईच्या घोट्याला पीस. पूर्वी हे सगळे कुठे होते, कोण जाणे. शेवटी तिनं आपल्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या हाताखाली तिनं उमेदीची वर्षं काढली होती. तिनं सरळ विचारलं, की टॅटूवरून माणसाचं मन कळतं की नाही.

डॉक्टर बराच वेळ बोलले. म्हणाले, पुष्कळ लोकांनी यावर पुष्कळ मोजमाप केलंय. हजार माणसं घेतली तर इकडेतिकडे थोडा फरक दिसतो, कधी दिसतही नाही. समोरच्या एका माणसाबद्दल त्यातून काही हाती लागत नाही. मग म्हणाले, "मेट्रन, आपल्याकडे दाखल झालेलीच माणसं आपण बघितली. खानावळीत बसून जग बघितलं, तर सगळं जग भुकेलं दिसणारच. त्या मुलीला विचारा की."

विचारणं हाच तर घोटाळा होता. मेट्रनचा अनुभव असा, की विचारलं की माणूस सावध होतो. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण या वेळी तिनं ते केलं. मुलीला रविवारी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर कपाटातून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि म्हणाली, बऱ्याच दिवसांत वापरलं नाही, चला, सगळ्यांचा दाब बघू. आधी नवऱ्याचा बघितला, म्हणजे संशय नको. मग मुलीकडे वळून म्हणाली, "डावा हात दे."

दंडाला पट्टा गुंडाळताना तिनं अंगठा हळूच खाली नेला. शिडीच्या पायऱ्यांवरून, किल्लीवरून, खेकड्यावरून. कातडी गुळगुळीत होती. तिनं पुन्हा फिरवला. मुलगी हात न हलवता तिच्याकडे बघत होती.

"काही लागलं का?" मुलीनं विचारलं.

"दाब ठीक आहे तुझा."

"दाबाचं नाही विचारत, काकू. मघापासून तुम्ही शोधताय ते."

मुलगा उठला आणि खिडकी उघडायला गेला. ती आधीच उघडी होती.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट ती थोडी हसत होती. "सरळ विचारा ना, मी सांगते."

मग मेट्रननं विचारलं आणि मुलीनं सांगितलं. तिची एक मैत्रीण टॅटू काढायला शिकत होती. कलिंगडाच्या सालीवर तिचा हात बसला, पण साल हलत नाही, ओरडत नाही. तिला जिवंत कातडी हवी होती. कुणी तयार होईना, तेव्हा हिनं हात पुढे केला. घड्याळाचे काटे राहिले, कारण दोघींना भूक लागली आणि त्या जेवायला गेल्या. परत बसू म्हणता म्हणता मैत्रीण दुसऱ्या शहरात गेली. शिडी ही शिडी नव्हतीच, रेल्वेचे रूळ होते, बिघडलेले.

"आणि हा मासा?" नवऱ्यानं विचारलं.

"तो माझ्या बहिणीचा कुत्रा आहे."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मेट्रनलाही हसू आलं असतं. पण कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं नर्स रक्त काढते तिथं, तिला बारीक निळ्या ठिपक्यांची एक ओळ दिसली. ती बिघडलेली नव्हती. कुणीतरी जपून काढलेली होती.

"हे कुणी काढलं?"

मुलीनं हात मागे घेतला. "ते माझं आहे. ते नाही सांगणार."

"का?"

"तुम्ही घरातल्यासारखं विचारत नाही म्हणून. मेट्रनसारखं विचारताय."

मेट्रनचे कान तापले. विषय बदलायला तिनं मुलाचं मनगट धरलं. तो नको नको म्हणत होता. नाडी बोटांखाली उड्या मारत होती. "चिडलायस तू," ती म्हणाली. हो, चिडलोय, असं म्हणून त्यानं हात सोडवून घेतला.

इतकं होऊनही तिचं समाधान झालं नाही. उलट किडा जास्तच वळवळू लागला. मुलीनं सांगितलं ते फारच सोपं होतं, म्हणजे पाठ केलेलं असणार. सांगितलं नाही ते ठिपके, म्हणजे खरं तिथंच असणार. माणूस बोलला तरी लपवतो आणि गप्प बसला तरी लपवतो, असं एकदा धरलं की सुटका कुणाची? एकदा काहीतरी निमित्त काढून ती मुलाच्या कंपनीच्या इमारतीत गेली. मुलगी तळमजल्यावर लिफ्टच्या उघड्या दारात गुडघे टेकून रूळ साफ करत होती. दार लावलं, ओढून बघितलं, पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं. मेट्रन खांबाआड उभी राहून बघत होती. इतक्यांदा तपासायचं? हेही लक्षणच. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा नवऱ्यानं चष्मा काढला. "अगं, लिफ्टचं दार आहे ते," तो म्हणाला. "ती एकदाच बघून उठली असती, तर मी म्हणालो असतो लग्न मोडा."

मुलगा त्या दिवसांत खंगत चालला होता. ताटात अर्धं टाकून उठे, डोळे लाल असत. मेट्रननं तेही मुलीच्याच खात्यात लिहिलं. तिची संगत सोसत नाही याला. तिनं त्याला गाठून सांगितलं, की लग्नाची घाई करू नकोस, थोडा वेळ जाऊ दे. तो म्हणाला, तुला तिच्यात काय दिसतं ते एकदा स्पष्ट सांग. तिला सांगता येईना. तो आणखी काही सांगायला गेला, मग म्हणाला, "राहू दे."

लग्न नोंदणी पद्धतीनं व्हायचं ठरलं आणि जागेची शोधाशोध सुरू झाली. एक घर मुलीला आवडलं होतं, उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर, हवेशीर. बघायला मेट्रनही गेली. नवऱ्याचे गुडघे दुखत होते, तो घरीच राहिला. लिफ्ट आली, मुलगी आत शिरली, मेट्रन शिरली. मुलगा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी जिन्यानं येतो."

"एवढे मजले? आज सुट्टी आहे तुझ्या व्यायामाला," मेट्रन म्हणाली आणि त्याचा दंड धरून आत ओढलं. "बायको लिफ्टवाली करतोस आणि लिफ्टला लाजतोस?"

मुलगी काहीतरी बोलायला गेली, तोवर दार मिटलं.

लिफ्ट अगदी व्यवस्थित चालली होती. ना धक्का, ना आवाज. तरी दोन-तीन मजले गेले नाहीत तोच मुलाच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं भिंतीचा दांडा घट्ट धरला. मग कॉलरचं बटण ओढलं, ते तुटून खाली पडलं. तोंड उघडं, श्वास आत जातोय पण पुरत नाही, आणि बघता बघता तो भिंतीला घासत खाली बसला. "मी मरतोय," तो म्हणाला. "आई, मी मरतोय."

मुलीनं पुढच्या मजल्याचं बटण दाबलं होतं. दार उघडलं, दोघींनी त्याला काखेत धरून बाहेर काढलं आणि जिन्याच्या पायरीवर बसवलं. मेट्रनचं मन आधी हृदयाकडे गेलं. ती नाडी बघू लागली, ओठांचा रंग बघू लागली, डावा हात दुखतोय का विचारू लागली. मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसून हळूहळू श्वास सोडायला सांगत होती, आणि तिच्या त्या सांगण्यात पहिल्यांदा सांगत असल्यासारखं काही नव्हतं. ते बघता बघता मेट्रनचा हात मनगटावर थांबला. भीतीचा हा झटका तिनं किती वेळा बघितला होता याला गणती नव्हती. रांगेनं खाटा, आणि खाटांवर असाच श्वास शोधणारी माणसं. तिथं तिनं ते दारातून ओळखलं असतं.

थोड्या वेळानं त्याचा श्वास ताळ्यावर आला. "कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यानं मुलीकडे बघितलं. मुलगीच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." ती खरोखर गोंधळली होती. "तुम्ही त्यातल्याच. मी याला म्हणायची, आईशी बोल, तर हा म्हणायचा, तिला कळतं सगळं. मला वाटलं तुम्ही दोघं घरात बोलत असाल. मला काय करायचं ते कळत नव्हतं, मी आपलं श्वास मोजायला सांगायची."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी नुसती लिफ्ट नकोशी झाली होती. मग कंपनीतली बिनखिडकीची बैठकीची खोली, मग बंद खिडक्यांची बस. पहाटे छाती धडधडून जाग यायची. कामात रेघा चुकू लागल्या होत्या, साहेबांनी बोलून दाखवलं होतं. हे सारं अंगावर कुठंच दिसत नव्हतं. शर्टाला कडक इस्त्री होती.

"मला का नाही सांगितलंस?" मेट्रननं विचारलं.

मुलानं भिंतीला डोकं टेकलं. "तुझ्याकडे माणसं दोनच जातीची असतात, आई. घरातली आणि वॉर्डातली. मला घरातच राहायचं होतं."

एवढ्या वर्षांत नातेवाइकांना काय बोलावं हे तिनं कितीतरी नर्सांना शिकवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "सकाळी काही खाल्लंयस का?" तो नाही म्हणाला. मुलीनं पिशवीतून पाव काढला. तिघांनी तो तिथंच वाटून खाल्ला आणि जिन्यानं खाली आले. घर बघायचं राहूनच गेलं.

नवऱ्याला तिनं सांगितलं तेव्हा त्यानं पेपर मिटला. नंतर एवढंच म्हणाला, "काखेत कळसा, मेट्रन." आणि मग, "माझ्याही काखेत होता तो. मीही रोज त्याच्यासमोर जेवत होतो."

डॉक्टर निवडताना मुलानं एक अट घातली, आईच्या ओळखीचा नको. तिनं ती मुकाट्यानं मान्य केली, आणि हे मुकाटपण तिला तिच्या कुठल्याही रात्रपाळीपेक्षा जड गेलं. गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून एकदा बोलायला जाणं सुरू झालं. साहेबांनी त्याला काही दिवस घरून काम करायला दिलं. लग्न पुढे ढकललं गेलं, पण मोडलं नाही. सुधारणा झाली ती अशी, की एखादा आठवडा बरा जाई आणि पुढचा मागे ओढी. मधे तर त्यानं गोळ्या सोडून पाहिल्या आणि पुन्हा पायरीवर बसायची वेळ आली. मुलीनं जागा शोधताना खालचे मजलेच बघायला सुरुवात केली. तो म्हणाला, असं नको, मग मी कधीच चढणार नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावर तडजोड झाली.

मेट्रनची नजर काही एका दिवसात सुधारली नाही. आता ती मुलाकडे बघायची. कप धरताना हात थरथरतो का, दाराकडे किती वेळा बघतो. तो वर बघे आणि ती चटकन भांड्यांकडे वळे. मुलीशी तिचं बोलणं वाढलं होतं, बहुतेक फोनवर, बहुतेक त्याच्याबद्दल. एकदा तिनं माफी मागितली, त्या यंत्राबद्दल. मुलगी म्हणाली, "माझी आईही सुरुवातीला हात धुऊन मागं लागली होती, जातंय का बघ म्हणून." निळ्या ठिपक्यांचं मेट्रननं विचारलं नाही. ओठावर कितीदा तरी आलं होतं.

एका दुपारी दोघी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेल्या होत्या. बाहेरची खोली भरलेली होती. नवऱ्याशी कुजबुजणारी बाई, मुलाला मांडीवर घेतलेला बाप, टाय लावलेला एक गृहस्थ, आणि कोपऱ्यात गळ्यापर्यंत रंगवलेला एक पैलवानी माणूस, आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरून. कोण दाखवायला आलंय आणि कोण सोबत आलंय, मेट्रन मनाशी ठरवत होती. एकेकाला आत बोलावणं आलं तेव्हा आधी टायवाला उठला, मग कुजबुजणाऱ्या बाईचा नवरा. तिचे सगळे अंदाज चुकले.

मग तिच्या मुलाला हाक आली. "सोबत कोण आहे?" नर्सनं विचारलं. दोघी एकदमच उभ्या राहिल्या. मुलानं दोघींकडे बघितलं. "आज मी एकटा जातो," असं म्हणून तो आत गेला आणि दार लागलं.

मेट्रन बसली. मग उठून खिडकीशी गेली, परत आली, पाण्याचा पेला भरून घेतला आणि तसाच ठेवला. दाराला कान लावावा असं तिला फार वाटत होतं.

"बसा हो, आई," मुलगी म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली. ती मेट्रनला पहिल्यांदाच आई म्हणाली होती, पण ते मुलीच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. तिचा स्वतःचा पायही थांबत नव्हता.

मेट्रन तिच्याशेजारी बसली. दोघी त्या दाराकडे बघत राहिल्या.